पात्र मेलं, खेळाडू अजून ऑनलाइन आहे: मोहिमेत नवं पात्र आणायचं कसं

डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत कथा खेळायच्या खेळाच्या) मोहिमेत, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या कथेत, एखादं पात्र मेलं की गट दोन गोष्टींत अडकतो. त्या पात्राचं पुढे काय करायचं, आणि ते खेळणाऱ्या माणसाचं काय करायचं. बहुतेक गट पहिल्या गोष्टीत इतके रमतात (अंत्यविधी कुठे, जिवंत करायला लागणारा हिरा कोणाकडे, सूड कोणावर) की दुसरी राहूनच जाते. एका टेबलाभोवती बसून खेळताना हे खपून जातं. पात्र मेलेला खेळाडू चिवडा खात बसतो, मधूनच टोमणे मारतो, डीएमच्या (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या) वतीने राक्षसांचे फासे टाकतो. ऑनलाइन मात्र तो माइक बंद करतो, दुसरा टॅब उघडतो आणि पुढच्या शनिवारी ‘ऑफिसचं काम आलंय’ असा निरोप पाठवतो. म्हणून खाली जो क्रम दिलाय त्यात खेळाडूला त्याच रात्री परत आणायचंय. पात्र बनवायला आठवडा लागला तरी चालेल.

नियम पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ चे धरले आहेत. २०२४ च्या सुधारित पुस्तकात यातलं काही बदललंय; तो प्रत्येक फरक इथे दिलेला नाही. उदाहरण सगळीकडे एकच आहे: पाचव्या लेव्हलचा (लेव्हल म्हणजे पात्राच्या ताकदीचा टप्पा) चौघांचा गट, त्यात फायटर (लढवय्या), रोग (rogue, चोरटा), विझर्ड (जादूगार) आणि ब्रोम्ना नावाची ड्वॉर्फ वंशाची क्लेरिक (दैवी शक्तीने बरं करणारी). एका नेक्रोमॅन्सरच्या (मेलेल्यांना उठवून राबवणाऱ्या मांत्रिकाच्या) तळघरात ब्रोम्ना पडली.

खरंच मेली का, ते आधी पाहा

शून्य हिट पॉइंट (जीवशक्तीचे गुण) म्हणजे मरण नव्हे. पडलेलं पात्र आपल्या प्रत्येक पाळीला डी-२० (वीस बाजूंचा फासा) टाकतं. १० किंवा जास्त आले तर यश, कमी आले तर अपयश. तीन यशांनी ते स्थिर होतं, तीन अपयशांनी मरतं. फाशावर थेट २० आला तर ते १ हिट पॉइंट घेऊन शुद्धीवर येतं. १ आला तर दोन अपयशं एकदम. पडलेल्यावर कोणी वार केला तर एक अपयश, आणि बेशुद्ध माणसाला ५ फुटांच्या आतून लागलेला वार क्रिटिकल (जबर) धरतात, म्हणजे पुन्हा दोन. याशिवाय शून्यावर आल्यानंतर उरलेलं नुकसानच पात्राच्या कमाल हिट पॉइंटइतकं किंवा जास्त असेल तर फासे टाकायची वेळच येत नाही.

ऑनलाइन घोळ होतो तो इथे. लिहून (कॉलऐवजी चॅटवर मजकूर टाकत) खेळणाऱ्या गटात तर हमखास. कोणीतरी सकाळी ‘मी हीलिंग वर्ड टाकतो’ (पडलेल्याला उठवणारा मंत्र) असं लिहिलेलं असतं, ते चॅटच्या वरच्या ढिगाऱ्यात जातं आणि संध्याकाळी डीएम मृत्यू जाहीर करून मोकळा होतो. एकदा भावपूर्ण मृत्यूवर्णन लिहून झालं की ते मागे घेताना सगळ्यांचाच विरस होतो. तेव्हा जाहीर करण्याआधी त्या लढाईचा लॉग पहिल्या राउंडपासून (सगळ्यांच्या एकेका पाळीची फेरी) वाचा. टेबलावर खेळणाऱ्यांना ही सोय नसते. तुम्हाला आहे, ती वापरा.

मग परत उठवण्याचे मार्ग. रिव्हिव्हिफाय हा तिसऱ्या पातळीचा स्पेल (मंत्र; त्याची पातळी पात्राच्या लेव्हलहून वेगळी); मृत्यूला एक मिनिट व्हायच्या आत टाकावा लागतो आणि त्यात ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे खर्च होतात. एक मिनिट म्हणजे दहा राउंड. लढाई चालू असताना हा काळ बरा मोठा असतो, पण आमच्या उदाहरणात तो स्पेल येणारीच मेलेली आहे. रेझ डेड पाचव्या पातळीचा: दहा दिवसांची मुदत, ५०० नाण्यांचा हिरा, आणि उठलेल्याला हल्ले, सेव्ह (संकट टाळायचा फासा) आणि अ‍ॅबिलिटी चेकवर -४ चा फटका, जो प्रत्येक लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) एकाने कमी होतो. क्लेरिकला हा स्पेल नवव्या लेव्हलला मिळतो, म्हणजे पाचव्या लेव्हलच्या गटाला देऊळ गाठावं लागणार. दहा दिवस पुरत नसतील तर जेंटल रिपोज हा दुसऱ्या पातळीचा स्पेल मुदत लांबवतो, आणि तो विझर्डलाही शिकता येतो. हे बऱ्याच विझर्डना ठाऊक नसतं. ड्रुइडचा (निसर्गपूजक मांत्रिकाचा) रीइन्कार्नेटही दहा दिवसांच्या आतच चालतो, पण शरीर नवं मिळतं आणि वंश फाशावर ठरतो. गटाला विनोद झेपत असेल तरच त्या वाटेला जा.

जिवंत करणाऱ्या सगळ्या स्पेलना एक अट लागू असते: मेलेल्याचा आत्मा मोकळा आणि परत यायला राजी हवा. खेळाडूच्या हातातलं हे फार मोठं कलम आहे. डीएमने त्याला खाजगीत एकच प्रश्न विचारावा, ‘तुला ती परत हवी आहे का?’ उत्तर ‘नको’ असेल तर बाकीच्यांनी हिरा शोधायला सहा सेशन (खेळाच्या बैठका) घालवण्यात काही अर्थ नाही, कारण आत्मा येणारच नाही. विचारणं खाजगीतच हवं. सगळ्यांसमोर विचारलं की माणूस भिडेने ‘हो’ म्हणतो.

काही मोहिमांत उठवण्याची सोयच नसते. २०१७ च्या ‘टूम ऑफ अ‍ॅनायलेशन’मध्ये मेलेल्यांचे आत्मे अडकवले जातात आणि जिवंत करणारे स्पेल निकामी ठरतात, कथानकच त्यावर उभं आहे. तुमच्या जगात असं काही असेल तर ते मृत्यूनंतर नव्हे, आधी सांगायला हवं होतं. नसेल सांगितलं तर आता सांगा.

त्याच रात्री

सेशनचा दीड तास उरलाय आणि ब्रोम्नाची खेळाडू कॉलवर गप्प आहे. तिला लगेच काहीतरी खेळायला द्या. गटाबरोबर असलेला वाटाड्या, सुटका केलेला कैदी, विझर्डचा फॅमिलिअर (सोबतीचा जादूई प्राणी), काहीही. सगळ्यात चांगली युक्ती म्हणजे पुढच्या लढाईतला शत्रू तिच्या हातात देणं. स्वतःच्याच गटावर सांगाडे सोडायला मिळाले की दुःख बऱ्यापैकी हलकं होतं, आणि डीएमचं कामही कमी होतं. फक्त ज्याने ब्रोम्नाला मारलं तोच राक्षस देऊ नका. ते काहींना आवडतं, काहींना अजिबात नाही, आणि विचारायला त्या क्षणी सवड नसते.

लिहून चालणाऱ्या मोहिमेत ‘त्याच रात्री’चा अर्थ दोन दिवस असा घ्या. तिथे एक लढाई महिनाभर चालते, आणि ज्याला पाळीच येत नाही तो माणूस तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकत नाही. डीएमचा निरोप दोन दिवसांत गेला पाहिजे: पुढचा प्रवेश साधारण कधी, तोवर काय खेळता येईल, नव्या पात्राचे नियम काय.

गटातली अर्धी माणसं पुण्यात आणि अर्धी न्यू जर्सीत असली तर त्यात घड्याळाची भर. आपली संध्याकाळची ७:३० म्हणजे तिथे उन्हाळ्यात सकाळचे १०, हिवाळ्यात ९. नव्या पात्राबद्दलची चर्चा सेशनच्या वेळेत घुसवली तर खेळायला वेळच उरत नाही. ती आठवड्यात, लिहून करा.

डीएमने लिहून द्यायच्या तीन गोष्टी

लेव्हल, सामान आणि कोणती पुस्तकं चालतील. यातली तिसरी एका ओळीची आहे, आणि ती गट सुरू करताना ठरलेलीच असते. पहिल्या दोन्हींवर भांडणं होतात.

लेव्हलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: गटाची जी लेव्हल तीच नव्या पात्राची. ‘नव्याने खालून सुरुवात करावी’ हा जुन्या आवृत्त्यांमधला रिवाज पाचव्या आवृत्तीत निष्ठुर ठरतो. हिशेब करून पाहा. पाचव्या लेव्हलच्या गटासमोर फायरबॉल टाकणारा शत्रू येतो; ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे), सरासरी नुकसान २८. पहिल्या लेव्हलच्या विझर्डचे हिट पॉइंट, कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा चिवटपणा) +२ धरून, ८. सेव्ह चुकला तर शून्यावर आल्यानंतरही २० उरतात, म्हणजे तो जागीच मेला. नवं पात्र आणायचं आणि पहिल्याच संध्याकाळी पुरायचं, यात कोणाचं भलं? तिसऱ्या लेव्हलला ९०० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात आणि पाचव्याला ६,५००. मागे राहिलेलं पात्र बरोबरीला येईपर्यंत खेळाडू कंटाळलेला असतो. मृत्यूची किंमत हवीच असेल तर ती कथेत घ्या, आकड्यांत नको.

सामानाचा पेच वेगळा आहे. डीएमच्या २०१४ च्या मार्गदर्शक पुस्तकात पाचव्या ते दहाव्या लेव्हलला सुरू होणाऱ्या पात्राला नेहमीच्या सामानावर ५०० नाणी अधिक १डी१० गुणिले २५ नाणी दिली आहेत, म्हणजे ५२५ ते ७५०. वरून ब्रोम्नाची जादूई गदा आणि ढाल गटाकडे राहिलेलीच असते. दोन-तीन मृत्यू झाले की गट वस्तूंच्या दुकानासारखा दिसायला लागतो. दोनच उपाय धड चालतात. एक, मेलेल्याच्या जादूई वस्तू घरच्यांकडे किंवा देवळात परत जातात, आणि त्या पोचवणं हाच एक छोटा प्रवास होतो. दुसरा, वस्तू गटाकडेच राहतात आणि नवं पात्र जादूई काहीही न घेता येतं. मला पहिला आवडतो. गट हावरट असेल तर दुसरा बरा. कुठला ते खेळाडूने पात्र बनवायला घेण्याआधी सांगा, नाहीतर तो मनात एक तलवार धरून बसतो.

ब्रोम्ना गेली म्हणजे नेमकं काय गेलं

‘हीलर गेला, हीलर आणा’ ही पहिली हाक असते. ती मनावर घेऊ नका. निदान लगेच नको. आधी तिचं शीट (पात्राच्या नोंदींचं पान) उघडून बसा आणि शेवटच्या चार-पाच लढायांत तिने प्रत्यक्षात काय केलं ते लॉगमध्ये पाहा.

आमच्या ब्रोम्नाबाबत चार गोष्टी निघतात. चेन मेल (कड्यांचं चिलखत) आणि ढालीमुळे तिचा एसी (आर्मर क्लास, म्हणजे तिच्यावर वार लागणं किती अवघड) १८ होता आणि ती फायटरच्या खांद्याला खांदा लावून उभी राहायची. पडलेल्याला ती हीलिंग वर्डने ६० फुटांवरून, बोनस अ‍ॅक्शनमध्ये (पाळीतल्या जादा झटपट कृतीत) उठवायची. तिला टर्न अनडेड (उठलेल्या मृतांना, म्हणजे अनडेडना, पळवून लावणं) यायचं, आणि मोहीम नेक्रोमॅन्सरची आहे. शिवाय विष, आजार आणि शाप उतरवायला सगळे तिच्याकडे धावायचे.

यातल्या बऱ्याच गोष्टी विभागता येतात. शाप उतरवणारा रिमूव्ह कर्स विझर्डच्या यादीत आहे, त्याने तो वहीत उतरवून घ्यावा. पडलेल्याला स्थिर करायला हीलर्स किट पुरतं: ५ नाणी, दहा वापर, फासा टाकायची गरज नाही. हीलिंग पोशन ५० नाण्यांना, २डी४+२. २०२४ च्या नियमांत ते बोनस अ‍ॅक्शनमध्ये पाजता येतं, त्यामुळे आणखी कामाचं. एवढी तयारी गटाने केली की नव्या पात्रावरचं ओझं निम्मं होतं.

मग उरलेल्या गरजांसमोर पर्याय ठेवा. बार्डला (गाण्यातून जादू करणाऱ्याला) हीलिंग वर्ड येतं, लेसर रेस्टोरेशन (विष-आजार उतरवणारा स्पेल) येतं, पण तो पुढे उभा राहिला तर टिकणार नाही. सर्कल ऑफ द मून शाखेची ड्रुइड पाचव्या लेव्हलला ३४ हिट पॉइंटचं तपकिरी अस्वल होऊ शकते, आघाडीला उत्तम. पण अस्वल असताना तिला स्पेल टाकता येत नाहीत, त्यामुळे ‘पुढेही उभी राहील आणि उठवेलही’ हा हिशेब चुकतो. ती एका वेळी एकच करते. ओथ ऑफ डिव्होशन (भक्तीची शपथ) घेतलेला पॅलाडिन (धर्मयोद्धा) चिलखत-ढालीने १८ एसी देतो, कॉन्स्टिट्यूशन +२ धरून लेव्हल ५ ला ४४ हिट पॉइंटपर्यंत जातो, त्याच्या ले ऑन हँड्सच्या (हात लावून बरं करण्याच्या) साठ्यात २५ पॉइंट असतात आणि टर्न द अनहोली त्याला अनडेडवर चालतं. दुरून उठवणं त्याला जमत नाही. हात लावावा लागतो.

हे पर्याय खेळाडूसमोर ठेवा आणि तिथेच थांबा. ती म्हणाली, ‘वर्षभर सगळ्यांना उठवलं, आता मला सॉर्सरर खेळायची आहे,’ तर तिला सॉर्सरर (जन्मजात जादूगार) खेळू द्या. गट पोशन विकत घेईल. गरजेपोटी पत्करलेलं पात्र खेळाडू जपत नाही; ते महिन्याभरात परत मरतं.

एकच गोष्ट मी अडवतो: जुळा. त्याच वंशाचा, त्याच वर्गाचा, जवळजवळ त्याच नावाचा धाकटा भाऊ, जो बातमी ऐकून तिसऱ्या दिवशी हजर होतो. त्यामुळे आधीच्या मृत्यूला काही किंमतच राहत नाही. नातेवाईक आणायचाच असेल तर त्याचं ब्रोम्नाशी पटत नसावं. मग गटातले लोक तिची बाजू घेऊन त्याच्याशी भांडतात आणि ती कथेत राहते.

पार्श्वभूमी: तीन उत्तरं पुरेत

नव्या पात्राची आठ पानी कहाणी कोणी वाचत नाही. चालू मोहिमेत आलेल्याला तीनच प्रश्नांची उत्तरं लागतात. त्याला आत्ता काय हवंय? गटाला ठाऊक असलेल्या कोणाशी किंवा कशाशी त्याचा संबंध आहे? आणि पहिल्या रात्री त्याच्या शेजारी निर्धास्त का झोपावं?

दुसऱ्या प्रश्नासाठी डीएमने ब्रोम्नाच्या अर्धवट राहिलेल्या धाग्यांची यादी काढावी. तिने मठातली चोरलेली घंटा परत आणायची शपथ घेतली होती. शहरातल्या एका सरदाराशी तिचं वैर होतं. फायटरकडून ती थोडं कर्ज घेऊन बसली होती. यातला एक धागा नव्या पात्राला द्या, एक जुन्यांपैकी कोणाला द्या आणि एक खुशाल तुटू द्या. सगळे धागे नव्याच्या गळ्यात बांधले की तो वारसदार होतो, स्वतंत्र पात्र होत नाही.

उदाहरणात खेळाडूने पॅलाडिन घेतली. सेद्रा, हाफ-एल्फ. ती घंटा विकत घेणाऱ्याच्या मागावर आहे. मठाची नाही, दुसऱ्याच देवळाची. ध्येय जवळचं, कारण वेगळं.

नावाचा एक व्यावहारिक मुद्दा: गटात आधीच ज्या अक्षराची नावं आहेत ते अक्षर टाळा. व्हॉइस कॉलवर ‘सेद्रा’ आणि ‘सेरा’ एकच ऐकू येतात, आणि चॅटमध्ये कोणीतरी चुकीच्याला टॅग करतं.

प्रवेश

गट नेक्रोमॅन्सरच्या तळघरात खोल आहे, तिथे अचानक एक अनोळखी पॅलाडिन कशी? कैदी. हा उपाय जुना आहे आणि अजूनही सगळ्यात बरा आहे: ती तिथे का आहे याचं उत्तर पिंजराच देतो, शत्रू समान असतो आणि सुटका करणाऱ्यांवर तिने विश्वास ठेवायला कारण असतं. तिचं सामान जवळच्या खोलीत ठेवा. पाच सेशन दूर नको. गट शहरात असेल तर आधीपासून असलेल्या एखाद्या एनपीसीला (डीएमच खेळवतो त्या दुय्यम पात्राला) बढती देणं उत्तम. लोक त्याला ओळखतातच.

प्रवेश सेशनच्या पहिल्या अर्ध्या तासात हवा. खेळाडू दोन तास कॉलवर वाट पाहत बसली आणि शेवटी ‘पुढच्या वेळी नक्की’ ऐकलं, तर सगळी मेहनत वाया.

आणि आधीच्या दिवशी बाकीच्या तिघांशी बोलून घ्या. गटांना नवागताची उलटतपासणी घ्यायची खोड असते. पाऊण तास प्रश्न, मग झोन ऑफ ट्रूथ (खोटं बोलू न देणारा स्पेल), मग पुन्हा प्रश्न. खरं म्हणजे सगळ्यांना ठाऊक असतं की ही आपली मैत्रीणच आहे. संशय एका वाक्यात दाखवा, मग सोबत घ्या. हा समझोता पात्रांचा नाही, खेळाडूंचा आहे, आणि तो उघडपणे बोललेला बरा.

लिहून खेळत असाल तर पहिली पोस्ट छोटी ठेवा. अशी:

> गजांपलीकडून घोगरा आवाज येतो. “त्या दाराने जाऊ नका. माझे दोघे सोबती काल तिथूनच गेले.” मशालीच्या उजेडात एक उंच बाई दिसते, हातात बेड्या, अंगावर चिलखताखालचा मळका सदरा. “माझी ढाल पहारेकऱ्याच्या खोलीत आहे. सोडवलंत तर घंटा कोणी विकत घेतली ते सांगते.” तिची नजर फायटरच्या गळ्याकडे जाते. “हे चिन्ह तुमच्याकडे कसं आलं?”

दिसणं एका वाक्यात आटोपलंय. गटाला नसलेली माहिती तिच्याकडे आहे. आणि शेवटी एका विशिष्ट पात्राला उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न आहे; फायटरने ब्रोम्नाचं चिन्ह गळ्यात घातलंय हे खेळाडूने आधीच्या पोस्टमधून उचललं. रडत्या आठवणी, डोळ्यांचा रंग, घराण्याचा इतिहास, हे नंतर कोणी विचारलं तर.

तांत्रिक बाजू

हे सेशनच्या आदल्या दिवशी करा, सेशनमध्ये नाही.

ब्रोम्नाचं शीट पुसू नका. रोल२० या ऑनलाइन खेळायच्या साइटवर ते अर्काइव्ह करता येतं. फाउंड्री या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मृत पात्रं’ असं फोल्डर करून त्यात हलवा. डी अँड डी बियाँड या पात्रं बनवायच्या साइटच्या मोफत खात्यात सहाच पात्रं मावतात, जागा हवी असेल तर आधी पीडीएफ काढून ठेवा. सेद्राला घंटेबद्दल काही सापडलं की ब्रोम्नाच्या नोंदी लागणारच आहेत.

इनिशिएटिव्हच्या (पाळीच्या क्रमाच्या) यादीतून जुनं नाव काढा. रोल२० वर नव्या शीटला ‘कोणाला दिसेल’ आणि ‘कोण बदलू शकेल’ या दोन वेगळ्या जागा आहेत. दुसरी विसरली की खेळाडूला टोकन (नकाशावरची सोंगटी) दिसतं पण हलत नाही. फाउंड्रीत खेळाडूला त्या अ‍ॅक्टरची (तिथल्या पात्राच्या नोंदीची) ‘ओनर’ परवानगी द्या, युजरच्या खात्यात ते पात्र निवडा, आणि टोकन अ‍ॅक्टरशी जोडलेलं आहे ना ते पाहा. जोडलेलं नसेल तर नकाशावर कमी झालेले हिट पॉइंट शीटवर उतरत नाहीत. तळघरात डायनॅमिक लाइटिंग (पात्राला दिसेल तेवढाच नकाशा उजळणं) असेल तर टोकनची दृष्टीही तपासा. ब्रोम्ना आणि सेद्रा दोघींनाही ६० फूट डार्कव्हिजन (अंधारात दिसणं) आहे, पण ती ज्या त्या टोकनवर वेगळी भरावी लागते.

शेवटी खेळाडूने स्वतःच्या खात्यातून लॉगिन करून टोकन हलवावं आणि एक सेव्ह टाकून पाहावा. डीएमच्या खात्यातून सगळंच चालतं, त्यामुळे तिथून तपासून उपयोग नाही.

पहिले दोन-तीन सेशन

पाचव्या लेव्हलचं पात्र एकदम हातात आलं की खेळाडू गोंधळतो. आधीचं पात्र पहिल्या लेव्हलपासून एकेक शक्ती शिकत मोठं झालेलं असतं, इथे सगळं एका रात्रीत. एका चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहून स्क्रीनशेजारी ठेवा: नेहमीचा हल्ला, संकटातली चाल, सोबत्यासाठीची चाल. सेद्रासाठी दोन वार, डिव्हाइन स्माइट (वारात दैवी शक्तीची भर) आणि ले ऑन हँड्स. बाकीचं हळूहळू सापडेल. डीएमने पहिली लढाई थोडी सोपी ठेवावी आणि तिच्यात अनडेड असावेत, म्हणजे टर्न द अनहोली एकदा तरी चमकेल.

खेळाडूला सगळं माहीत आहे, सेद्राला काहीच नाही, याचा त्रास पहिल्या तासातच होतो. ‘त्या रात्री तळावर त्यांनी सेद्राला घंटेची सगळी हकीकत सांगितली’ असं डीएमने एका वाक्यात म्हणावं आणि विषय संपवावा. फक्त गटाची खरी गुपितं बाजूला ठेवा. ती कोण, कधी सांगतं यात मजा आहे.

ब्रोम्नासाठी एक छोटा प्रसंग जरूर ठेवा, आणि तो सेद्राच्या देखत घडू द्या. तिने ‘ती कशी होती?’ एवढंच विचारलं तरी तिघांना बोलायला जागा मिळते. दोन सेशन फक्त शोकात घालवू नका. त्यात नव्या पात्राला करायला काहीच नसतं.

तिसऱ्या सेशननंतर डीएमने खेळाडूला पुन्हा खाजगीत विचारावं. ओथ जमत नसेल, स्पेल चुकीचे निवडले असतील, फीट (निवडून घेतलेलं खास कसब) निरुपयोगी ठरला असेल तर सगळं बदलू द्या, कथेत कारण न शोधता. पात्रच मनाला लागलं नसेल तर सेद्रा घंटा घेऊन आपल्या देवळात परत जाऊ शकते, आणि त्याच देवळातून दुसरं कोणीतरी गटाकडे येऊ शकतं.